दूर पल्ल्याचे निर्णय आणि गावाचा पाणी-हिशेब

(पंचायत राज संस्थांचे पदाधिकारी, अधिकारी व शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



'दूरदृष्टीने निर्णय कसे घ्यावेत' असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. विषय मोठा आहे आणि त्यावर बोलण्यासाठी मोठे शब्दही पुष्कळ आहेत. माहिती खात्यात वीस वर्षे काढलेल्या माणसाकडे अशा शब्दांचा तुटवडा कधीच नसतो. परंतु शब्दांनी विहिरीची पातळी वर येत नाही. म्हणून आपल्या परवानगीने मी हा विषय पाण्यापुरता मर्यादित करतो. पाणी ही अशी बाब आहे की, तीत आज केलेल्या निर्णयाचे फळ किंवा प्रायश्चित्त दहा-पंधरा वर्षांनी हमखास पदरी पडते, आणि बहुधा ते निर्णय करणाऱ्याच्या पदरी पडत नाही. सगळी अडचण येथेच आहे.

दूरदृष्टी म्हणजे भविष्य जाणणे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो मला मान्य नाही. पुढचा पाऊस कसा पडेल हे कोणालाच सांगता येत नाही. मात्र अवर्षण येणार हे सांगण्यासाठी ज्योतिषाची गरज लागत नाही. १९७२ चे अवर्षण जुन्या मंडळींच्या स्मरणात आहे. त्यानंतर २००३, २०१२, २०१४-१५, २०१५-१६, २०१८ या वर्षांत राज्याच्या कोणत्या ना कोणत्या भागात टंचाईच्या झळा तीव्रतेने लागल्या. तारीख ठाऊक नाही, पण येणे निश्चित आहे, असा हा पाहुणा आहे. अशा पाहुण्यासाठी घरात काय राखून ठेवायचे, एवढाच प्रश्न असतो. आणि तो द्रष्टेपणाचा नसून हिशेबाचा व काहीशा कठोरपणाचा आहे.

१९७२ ची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो. कारण संकटाच्या काळात घेतलेला निर्णय संकट ओसरल्यावरही कसा टिकवता येतो, याचे ते आपल्या राज्यातील सर्वात ठळक उदाहरण आहे. त्या अवर्षणाच्या आठवणी घरोघर सांगितल्या जातात त्या मिलो ज्वारीच्या, सुकडीच्या आणि खडी फोडण्याच्या. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोचली होती. एवढ्या मोठ्या प्रमाणावर काम पुरवून माणसे जगवणे हे त्या वेळच्या शासनाचे व यंत्रणेचे फार मोठे कर्तृत्व होय. परंतु ते संकटनिवारण होते. पाऊस पडला की मजूर घरी जावेत, फाइल बंद व्हावी आणि पुढच्या अवर्षणात पुन्हा पहिल्यापासून धावपळ सुरू व्हावी, हा रिवाज त्यानंतरही चालू राहू शकला असता.

तो तसा राहिला नाही, याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. मागेल त्याला काम देण्याची कल्पना त्यांनी अवर्षणाच्या आधीपासून मांडली होती आणि सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा प्रयोगही झाला होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या शासनाने ती उचलून धरली. पुढे जे घडले त्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. योजना जाहीर करून थांबणे सोपे होते. परंतु १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. या सभागृहातील प्रत्येक पगारदाराच्या वेतनातून आजही दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये या नावाने कापले जातात. वर्षाला अडीच हजारांची ही कपात आपल्यापैकी किती जणांना रोजगार हमीची आठवण करून देते, हे मी विचारत नाही; पण त्या कराचा जन्म रोजगार हमीसाठीच झालेला आहे. त्याच्या जोडीला मोटार वाहने, बागायती जमिनी, शहरांतील बिगरनिवासी मालमत्ता यांवरील जादा भार आला आणि या सर्वांतून जितकी रक्कम जमेल तितकीच शासनाने स्वतःची घालावी, असे ठरले. १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि काम मागण्याचा हक्क कायद्याने मिळाला. काम देता आले नाही तर बेकारी भत्ता देण्याचे बंधन शासनाने आपल्यावर घेतले.

हे बंधन मला फार अर्थपूर्ण वाटते. सत्तेवरील माणसाने आपलेच हात कायद्याने बांधून घ्यावेत, आणि ते पुढच्या माणसांचेही हात बांधतील अशा रीतीने, ही गोष्ट राजकारणात क्वचित घडते. नंतर सरकारे आली व गेली. योजनेवर टीका झाली, गैरव्यवहार उघडकीस आले, कामांच्या दर्जाविषयी तक्रारी झाल्या. परंतु योजना मोडून टाकावी असे धाडस कोणी केले नाही. तिच्यामागे हक्क होता आणि तिच्या नावाचा पैसा होता. २००५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा संमत केला, तेव्हा महाराष्ट्राचा तीन दशकांचा अनुभव देशापुढे होता.

आता दुसरे चित्र पाहा. ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून 'जलदूत' ही रेल्वेगाडी लातूरकडे निघाली. पहिल्या खेपेला दहा टाक्या होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. लातूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार चार लाखांच्या आसपास आहे. म्हणजे माणशी सव्वा लिटर. पुढे टाक्यांची संख्या वाढली आणि शहराला तिचा मोठा आधार मिळाला, हे खरेच. रेल्वेच्या आणि महसूल, नगरपालिका प्रशासनाच्या कर्मचाऱ्यांनी त्या उन्हाळ्यात रात्रंदिवस केलेल्या कष्टांची मला जाणीव आहे. तहानलेल्याला पाणी द्यायचे नाही तर काय करायचे? परंतु त्या गाडीने वाहून नेलेले पाणी त्या उन्हाळ्यापुरते होते. तिच्यावर झालेल्या खर्चातून पुढच्या अवर्षणासाठी काहीही शिल्लक राहिले नाही. आणीबाणीतील खर्चाचा हा स्वभावच आहे, टँकरचेही तसेच. टँकर बंद करा असे मी म्हणत नाही. टँकर लागू नये यासाठी जो निर्णय घ्यावा लागतो तो टँकर लागण्याच्या आधी, विहिरी भरलेल्या असताना घ्यावा लागतो, आणि विहिरी भरलेल्या असताना तो घेण्याची इच्छा कोणालाच नसते.

येथे एक गोष्ट माझ्या व्यवसायातील सांगतो. पाण्याच्या गाडीची बातमी होते. टाकीच्या भूमिपूजनाची बातमी होते, लोकार्पणाची तर होतेच होते. परंतु एखाद्या ग्रामसभेने चांगला पाऊस झालेल्या वर्षी 'यंदाही नवी कूपनलिका घ्यायची नाही' असे ठरवले, तर त्याचे प्रसिद्धिपत्रक कोणी काढायला सांगत नाही. छायाचित्र तरी कशाचे घ्यायचे? न खोदलेल्या भोकाचे? दूर पल्ल्याचे निर्णय बहुधा असेच, छायाचित्र न निघणारे असतात.

तर गावाच्या पाण्याचा हिशेब आपण येथेच मांडून पाहू. मी कला शाखेचा पदवीधर आहे. मला जमणारे गणित आपणा सर्वांना जमेल याची मला खात्री आहे. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरावर पडला की दहा हजार लिटर पाणी होते. समजा, आपले गाव एक हजार हेक्टरांचे आहे, लोकवस्ती दीड हजारांची, आणि अवर्षणप्रवण पट्ट्यात असल्यामुळे पाऊस चारशे मिलिमीटर. म्हणजे गावाच्या शिवारावर वर्षाला चारशे कोटी लिटर पाणी पडले. हा आकडा ऐकून माणूस सुखावतो. दीड हजार माणसांना माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला साधारण तीन कोटी लिटर लागतात. जनावरांचे मिळून पाच कोटी धरू. चारशे कोटींतून पाच कोटी! मग चैत्र-वैशाखात घागरी घेऊन रांगा का लागाव्यात?

कारण ते चारशे कोटी आपल्या हाती लागत नाहीत. काही वाफ होऊन जाते, काही खरिपाची पिके व गवत घेतात, काही ओढ्याने वाहून जाते. आपल्या राज्याच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक क्षेत्राखाली काळा कातळ आहे. त्याच्या भेगांत आणि मुरमाच्या थरांत जेवढे मावेल तेवढेच पाणी मुरते. पडलेल्या पावसाचा साधारण दहावा हिस्सा मुरला असे धरले तर ठोकळ मानाने चाळीस कोटी लिटर होतात. ही गावाची खरी शिल्लक. पिण्याचे पाच कोटी बाजूला ठेवल्यावर पस्तीस कोटी उरतात. त्यांतही सारेच उपसता येत नाही.

आता ऊस घ्या. पाटाने पाणी देऊन एक हेक्टर ऊस वाढवायचा तर त्याला सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे दीड हेक्टर ऊस आणि दीड हजार माणसांचे वर्षभराचे पाणी सारखेच. उलट रब्बी ज्वारीला तीन संरक्षित पाळ्या दिल्या तर हेक्टरी बावीस-तेवीस लाख लिटर पुरतात. एका हेक्टर उसाच्या पाण्यात आठ-नऊ हेक्टर ज्वारी येते. ठिबकाने हे आकडे खाली येतात, जमिनीप्रमाणे बदलतात. कृषी विभागातील मंडळी येथे आहेत, ती मला दुरुस्त करतील. परंतु वीस हेक्टर उसाने अशा गावाची सगळी शिल्लक संपते, हे मात्र कोणत्याही दुरुस्तीनंतर फारसे बदलणार नाही.

हा हिशेब कागदावर न ठेवता त्याप्रमाणे वागून दाखवलेले गाव आपल्या राज्यात आहे. हिवरे बाजारचे नाव आपण ऐकले आहे. पुष्कळांनी तेथे सहलीही नेल्या असतील. अहिल्यानगर तालुक्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरजवळचे हे गाव १९८० च्या दशकात दारू, भांडणे आणि स्थलांतर यांसाठी ओळखले जाई. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढच्या काळात रोजगार हमीच्या व आदर्श गाव योजनेच्या निधीतून डोंगरउतारांवर समपातळी चर निघाले, बांधबंदिस्ती झाली, झाडे लागली. येथवरची कहाणी इतर अनेक गावांत घडलेली आहे. चर खोदलेली गावे आपल्याकडे कमी नाहीत. हिवरे बाजार वेगळे ठरते ते त्यापुढच्या गोष्टीमुळे. पाणी वाढल्यावर त्या गावाने ते वापरण्यावर बंधने घातली. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही. ऊस आणि केळी लावायची नाही. मोकाट चराई नाही, कुऱ्हाड नाही. दर वर्षी पर्जन्यमापकावरील नोंद आणि निरीक्षण विहिरींची पातळी पाहून ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद ठेवला जातो आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचे, उन्हाळी पीक घ्यायचे की नाही, हे ठरते. पाऊस कमी तर पेरा कमी.

चार पैसे हातात आल्यावर ते खर्चू नका असे सांगणे, हे पैसे नसताना काटकसर करायला सांगण्याहून अवघड असते. पाणलोटाची कामे ज्या गावांत झाली आणि नंतर पाच-सात वर्षांत पुन्हा टँकर सुरू झाले, त्या गावांची कहाणी बहुधा अशीच आहे: पाणी वाढले, नव्या विहिरी आल्या, त्यांच्यापाठोपाठ कूपनलिका आल्या, ऊस आला आणि पूर्वी शंभर हात खाली असलेले पाणी तीनशे हातांवर गेले. अशा गावात काम झाले, पण निर्णय झाला नाही, असे मी म्हणेन.

हिवरे बाजारच्या आधीही हा विचार आपल्या मातीत रुजलेला होता. १९७२ च्या अवर्षणात पुण्याचे एक उद्योजक, अभियंता विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले आणि नायगाव येथे देवस्थानची नापीक जमीन घेऊन त्यांनी पाणलोटाचा प्रयोग केला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यायचे. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. खर्चाचा वीस टक्के हिस्सा लाभधारकांनी द्यायचा. आणि ऊस लावायचा नाही. त्याहून जुनी परंपरा पाहायची तर धुळे-नाशिक परिसरात पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धत आहे. तिचे वय शतकांत मोजावे लागते. बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत वाटलेले, एका फडात एकच पीक, फडांची आळीपाळी ठरलेली, आणि पाणी कमी असेल तर कोणता फड भिजवायचा नाही हे लाभधारकांनी मिळून ठरवायचे. पाणी सोडण्यासाठी पाटकरी नेमलेला. हे कोणा अभियंत्याने आखून दिलेले नव्हते, की कोणत्या शासन निर्णयातही ते आलेले नव्हते.

ऊस हा शब्द मी पुन्हा पुन्हा वापरत आहे, तेव्हा श्रोत्यांतील काहींच्या चेहऱ्यावरची नाराजी मला दिसते आहे, आणि ती अगदीच अनाठायी नाही. शेतकरी ऊस लावतो तो हौसेने नव्हे. उसाला कायद्याने ठरलेला भाव आहे, कारखाना तो शेतातून उचलून नेतो, गारपिटीने तो ज्वारी-द्राक्षासारखा नष्ट होत नाही. ज्वारीला यांपैकी काय आहे? ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला 'गावासाठी ऊस लावू नकोस' असे सांगणे म्हणजे त्याच्या उत्पन्नावर गावाने हक्क सांगणे होय. हे जे मान्य करत नाहीत त्यांचे ठराव टिकत नाहीत. पाणी पंचायतीचा ऊसबंदीचा नियम टिकला, कारण त्याच नियमावलीने भूमिहीनालाही पाण्याचा वाटा दिला होता. सोसणे सर्वांचे होते आणि मिळणेही सर्वांचे होते. हिवरे बाजारात चाऱ्याबरोबर दूध वाढले, कांदा-भाजीपाला आला, मजुरीसाठी बाहेर गेलेली कुटुंबे परतली. तेव्हा नियम पाळण्यात लोकांना स्वतःचा लाभ दिसू लागला. ज्याच्यावर निर्णयाचा भार पडतो त्याच्यासाठी दुसरी वाट काढलेली नसेल, तर तो निर्णय कितीही दूरदृष्टीचा असो, पहिल्या चांगल्या पावसातच तो वाहून जातो. या बाबतीत बाजार समित्या, दूध संघ आणि कृषी विभाग यांना वगळून एकट्या ग्रामसभेवर सारे टाकणे मला अन्यायाचे वाटते.

आता देखभालीविषयी बोलतो. या विषयावर भाषणे होत नाहीत, म्हणून थोडा वेळ घेतो. आपल्या तालुक्यांतील कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आपण पाहिले आहेत. पावसाळ्यात त्यांतून पूर वाहून जावा म्हणून ते मोकळे ठेवायचे आणि पाऊस सरता सरता बरगे टाकून शेवटचे वाहते पाणी अडवायचे, अशी त्यांची योजना. सगळा खेळ ऑक्टोबरमधील थोड्या दिवसांचा असतो. बरगे लवकर टाकले आणि परतीच्या पावसाचा लोंढा आला तर काठाच्या जमिनी खरवडून निघतात. उशिरा टाकले तर अडवायला पाणीच उरत नाही. आणि कित्येक ठिकाणी बरगे टाकायचे म्हटले तर बरगेच जागेवर नसतात. लोखंडी असल्यामुळे ते भंगारात गेलेले असतात, किंवा त्यांचे रबर कुजून पाणी झिरपत राहते. लाखो रुपयांचा बंधारा असा काही हजारांच्या वस्तूवाचून कोरडा उभा राहतो. बंधारा बांधण्याचा निर्णय झाला तेव्हा बरगे कोण सांभाळणार, कोणत्या खोलीत ठेवणार, रबर बदलण्याचे पैसे कोणत्या शीर्षाखाली येणार, हे लिहून ठेवलेले नव्हते. पाझर तलावांच्या गाळाचे तेच, चरांतील मातीचे तेच.

लागवडीच्या बाबतीत आपल्या शासनाने एक चांगला पायंडा पाडलेला आहे. १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली गेली, तेव्हा अनुदान एकरकमी दिले गेले नाही. ते तीन वर्षांत विभागून आणि जगलेल्या झाडांच्या प्रमाणात दिले गेले. खड्डे मोजून पैसे दिले असते तर खड्डे झाले असते. जगलेली झाडे मोजल्यामुळे झाडे जगली, आणि कोरडवाहू भागात आंबा, डाळिंब, बोर, काजू यांच्या बागा उभ्या राहिल्या. तेच तत्त्व बंधाऱ्यांना लावायला काय हरकत आहे? बांधकामाच्या रकमेतील एक लहानसा हिस्सा पाचव्या वर्षी पाणी अडत असेल तरच मिळेल असा राखून ठेवला, तर कंत्राटदार आणि अभियंता दोघेही पाचव्या वर्षी त्या बंधाऱ्याकडे एकदा तरी फिरकतील. हे माझे वैयक्तिक मत आहे. वित्त विभागाचे त्यावर काय म्हणणे पडेल याचा मला अंदाज आहे.

सरपंचाची मुदत पाच वर्षांची असते. अधिकाऱ्याची बदली सर्वसाधारणपणे तीन वर्षांनी होते. निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडावा लागतो. आणि डोंगरावर लावलेल्या झाडाला सावली यायला दहा वर्षे लागतात, खचलेली भूजल पातळी सावरायलाही तशीच वर्षे लागतात. या दोन कालगणना एकमेकींशी जुळत नाहीत आणि त्या कधी जुळतील असेही नाही. म्हणून आपल्यानंतर येणाऱ्याला आपला निर्णय मोडणे अवघड आणि पाळणे सोपे जाईल, अशी तजवीज करणे भाग आहे. त्यासाठी साधने आहेत. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ च्या कायद्यानेच निर्बंध आणला. त्यापाठोपाठ २००९ चा भूजल अधिनियम आला. हे कायदे किती गावांत कोणी वाचून दाखवले आहेत? 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमात पाच वर्षांचा आराखडा करण्याची पद्धत आली. तो आराखडा कामांची यादी म्हणून भरला जातो. पहिल्या पानावर गावाच्या पाण्याची जमा आणि खर्च लिहिली, तर खालच्या यादीतील निम्मी कामे आपोआप बदलतील, असा माझा अंदाज आहे.

शिक्षकांना मी मुद्दाम या वर्गास बोलावण्याची विनंती केली होती. सरपंच बदलतात, ग्रामपंचायतीचे अधिकारी बदलतात, शाळा मात्र तेथेच असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ मध्येच स्थापन झाली आणि तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक महिन्यांत मोजली जाते. परंतु प्रत्येक गावाच्या वाट्याला अशी विहीर आलेली नाही. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक, गावातील दोन-तीन विहिरी, एक दोरी आणि तिला बांधलेले वजन एवढ्या साहित्यावर सातवीचे विद्यार्थी गावाचा ताळेबंद ठेवू शकतात. आठवड्यातून एकदा नोंद करायची. तिच्यात खाडाखोड करायची नाही, पान फाडायचे नाही आणि बदलून जाणाऱ्या शिक्षकाने येणाऱ्याकडे वही सही घेऊन सोपवायची. दहा वर्षांची अशी वही ज्या गावाकडे असेल त्या गावाशी कोणताही अभियंता, कोणताही पुढारी वाटेल ते बोलू शकणार नाही.

वेळ कोणती, हे शेवटी सांगतो. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होते, हरभरा-गहू त्यानंतर. उसाच्या पूर्वहंगामी लागणी ऑक्टोबरपासून होऊ लागतात. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत पाऊस बहुतेक सरलेला असतो, विहिरींची पातळी समजलेली असते, आणि बंधाऱ्यांवर बरगे टाकायचे राहिलेले असतात. पाण्याचा हिशेब त्या सभेत वाचला गेला तर शेतकऱ्याच्या हाती अजून निवड शिल्लक असते. १ मेच्या सभेत वाचला तर टँकरच्या प्रस्तावावर सही करणे एवढेच उरते. येत्या २ ऑक्टोबरच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेण्यासाठी नोटीस सात दिवस आधी निघाली पाहिजे. शाळेने पर्जन्यमापकाची बेरीज सप्टेंबरअखेर तयार ठेवावी, आणि बरगे कोणत्या खोलीत आहेत, त्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे, हे सरपंचांनी त्याआधी स्वतः जाऊन पाहून यावे.